धातू खाणाऱ्या पाण्यासाठी चित्र काढताना

गिटारचं पेडल म्हणजे जमिनीवर ठेवलेली, पायानं चालू-बंद करायची, गिटारचा आवाज बदलणारी धातूची डबी. तिच्यावरचं चित्र उभ्यानं, वरून बघायचं असतं, तेही बहुतेक वेळा अंधुक उजेडात. आणि जिथे ते चित्र असतं तिथेच बूट पडणार असतो. मी पेडल बनवायला लागले ती सर्किटच्या ओढीनं नाही, या डबीसाठी. त्याआधी मी छापचित्रं करत होते: जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यात सुईनं ओढलेल्या रेघा, मग आम्लात बुडवणं, मग शाई आणि शेवटी कागद. त्या कामात पत्रा हे साधन असतं, छाप ही खरी कृती. पेडलमध्ये कोरलेला धातू हीच शेवटची वस्तू. ती कुणाच्या तरी हातात जाते, तिच्यावर बोटं फिरतात, आणि रेघ नुसती दिसत नाही तर लागते. हे मला इतकं भावलं की कागदाकडे मी क्वचितच परत वळले.

पुढे वाचनात आलं की या कलेचा मूळ प्रवास उलट्याच दिशेनं झालेला आहे. युरोपात आम्लानं धातू कोरायचं काम आधी चिलखतांवर आणि शस्त्रांवर होत असे. जर्मनीतल्या ऑग्सबर्गचा डानिएल होप्फर हा चिलखतांवर नक्षी कोरणारा कारागीर. १५०० च्या सुमारास त्यानं तेच तंत्र लोखंडी पत्र्यावर वापरून कागदावर छाप घ्यायला सुरुवात केली, आणि या पद्धतीनं छाप घेणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लोकांत त्याचं नाव येतं. म्हणजे नक्षी आधी वस्तूवर होती, कागदावर नंतर आली. पेडलची डबी कोरताना मला होप्फरच्या मूळ धंद्याशी थेट नातं वाटतं.

डबी सजवायचे इतर मार्ग भरपूर आहेत आणि त्यातले काही फार सुंदर आहेत. झेड-वेक्स कंपनीची हातानं रंगवलेली पेडलं बघा, प्रत्येकावर ब्रशचा फटकारा दिसतो. एमएक्सआर कंपनीचं फेज ९० हे पेडल तर दुसऱ्या टोकाचं उदाहरण: नारिंगी डबी, एक नॉब, नाव, बस्स. १९७० च्या दशकातली ती मांडणी आजही जुनी वाटत नाही. आर्बिटर कंपनीनं १९६६ साली फझ फेस हे आवाज खरखरीत करणारं पेडल काढलं तेव्हा डबीचा आकारच गोल ठेवला, मायक्रोफोनच्या स्टँडच्या बैठकीवरून सुचलेला. तिथे आकार हीच सजावट झाली. बॉस कंपनीच्या पेडलांना तर रंगावरूनच ओळखता येतं, नाव वाचायची गरज पडत नाही.

घरी बनवणाऱ्यांत सगळ्यात जास्त चालतं ते पाण्यानं सरकवायचं डीकॅल. चित्र छापायचं, पाण्यात भिजवायचं, पातळ पापुद्रा डबीवर सरकवायचा, वरून लॅकरचे थर द्यायचे. रंगीत आणि बारीक तपशिलाचं चित्र हवं असेल तर यासारखं दुसरं काही नाही. पण घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, त्यामुळे गडद डबीवर फिकट अक्षरं काढायची तर पांढऱ्या पाठीचा कागद घ्यावा लागतो आणि त्याच्या कडा दिसतात. शिवाय फूटस्विचच्या, म्हणजे पायानं दाबायच्या बटणाच्या भोवती जिथे बुटाचा तळ घासतो तिथे लॅकर आधी जातो आणि पाठोपाठ चित्र. कोरलेली रेघ धातूतच खाली उतरलेली असते. वरचा रंग घासून गेला तरी रेघ जात नाही, उलट कडा उजळून ती आणखी ठळक होते. वापरानं सुधारत जाणारी सजावट मला हवी होती.

आता डबीबद्दल. बहुतेक घरगुती पेडलं हॅमंड कंपनीच्या १५९०-बी किंवा १२५-बी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मापाच्या डब्यांत बसतात. पहिली साधारण ११२ बाय ६० मिलिमीटर, दुसरी थोडी मोठी आणि खोल. दोन्ही ओतीव अॅल्युमिनियमच्या. ओतीव असण्याचे परिणाम कोरताना पावलोपावली भेटतात. साच्यातून सुटावी म्हणून डबीच्या बाजू किंचित तिरक्या असतात. वरचा पृष्ठभाग दिसायला सपाट, पण काचेवर सँडपेपर ठेवून त्यावर डबी घासली की कळतं, कडा आधी चमकतात आणि मधला भाग तसाच मळकट राहतो. तो मधला भागही एकसारखा चमकेपर्यंत घासणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. मी २२० नंबरच्या सँडपेपरपासून सुरू करून ६०० पर्यंत जाते. खोलगट जागेवर टोनर नीट बसत नाही, पुढचं सगळं मग तिथेच बिघडतं.

शिवाय हा मिश्रधातू आहे. वितळलेला धातू साच्यात सहज पसरावा म्हणून त्यात साधारण १० टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं. अॅल्युमिनियम विरघळतं, सिलिकॉन विरघळत नाही. ते काळपट राखाडी भुकटीसारखं कोरलेल्या तळाशी उरतं. शुद्ध अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर काम केलेल्या माणसाला तो मळ वाटेल आणि तो घासून काढावासा वाटेल. मी तो मुद्दाम थोडा ठेवते. रंग न लावताही वरचा भाग चकचकीत आणि तळ गडद, असा फरक आपोआप मिळतो.

चित्र धातूवर उतरवायला मी टोनरच वापरते. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे बारीक दळलेलं प्लास्टिक. उष्णतेनं ते वितळतं आणि धातूला चिकटतं. इंकजेटची शाई इथे कामाची नाही. चित्र आरशातल्यासारखं उलटं छापायचं, गुळगुळीत कागदावर, प्रिंटरची शाईबचत बंद करून. डबी अॅसिटोननं पुसायची आणि त्यानंतर त्या बाजूला बोट लावायचं नाही. अॅल्युमिनियम उष्णता फार भराभर वाहून नेतं, म्हणून डबीच्या पोटात बसेल असा लाकडाचा ठोकळा घालून ती त्यावर पालथी ठेवते. टेबलाला टेकली तर सगळी ऊब टेबलात जाते. आधी इस्त्रीनं नुसती डबीच तापवते, मग कागद ठेवते आणि पुन्हा दाब देते. वाफेची सोय बंद. कडांना जास्त वेळ, कारण उष्णता तिथून निसटते. मग डबी पूर्ण गार होऊ द्यायची, साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात ठेवायची आणि कागदाचा लगदा अंगठ्यानं हळूहळू चोळून काढायचा. बारीक छिद्रं राहिली असतील तर ती नेलपॉलिशनं बुजवते. डबीच्या कडेचा गोलाकार भाग कागदाच्या पकडीत कधीच येत नाही, म्हणून चित्राला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर आत चौकट काढते आणि चौकटीबाहेर सगळीकडे चिकटपट्टी. झाकण बसवून त्याची फटही बंद करते, नाहीतर पाणी आत शिरून स्क्रूचे आटे खाऊन टाकतं.

धातू खाण्यासाठी दोन द्रावणं सर्रास वापरली जातात. फेरिक क्लोराईड तांब्यासाठी प्रसिद्ध आहे, सर्किट बोर्ड त्यातच कोरतात. अॅल्युमिनियमशी मात्र त्याची प्रतिक्रिया फार आक्रमक असते. द्रावण उकळल्यासारखं फसफसतं, तापतं, तिखट वाफा येतात, आणि त्या उष्णतेनं टोनरच सुटायला लागतो. ते वापरायचंच असेल तर भरपूर पातळ करून, काही सेकंद बुडवून, धुऊन, गार करून पुन्हा बुडवत राहायला हवं. शिवाय त्याचे तपकिरी डाग कपड्यावरून, फरशीवरून जात नाहीत आणि स्टीलचं सिंकही ते खातं.

मी मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि मीठ वापरते, वजनानं समान, पाण्यात विरघळवून. नुसत्या मोरचुदाच्या पाण्यात अॅल्युमिनियम ठेवलं तर जवळजवळ काहीच होत नाही, कारण त्याच्या अंगावर ऑक्साईडचा पातळ पण चिवट थर असतो. मिठातलं क्लोराईड तो थर फोडतं. मग अॅल्युमिनियम द्रावणात जातं आणि द्रावणातलं तांबं बाहेर पडतं, लालसर, भुसभुशीत. त्याबरोबर हायड्रोजनचे बुडबुडे. निळसर हिरवं पाणी हळूहळू फिकट होत जातं, आणि रंग गेला की द्रावणाची ताकदही गेली असं समजायचं.

इथे एक पेच आहे. डबी उताणी ठेवली, म्हणजे चित्र वर, तर तांब्याचा गाळ रेघांत बसतो आणि खाली ताजं द्रावण पोचत नाही. पालथी ठेवली तर गाळ गळून पडतो, पण बुडबुडे पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि जिथे बुडबुडा तिथे धातू खाल्ला जात नाही. नंतर गोल गोल टिपके दिसतात. मी पालथीच ठेवते, किंचित तिरकी, आणि भांडं सतत हलवत राहते. दर काही मिनिटांनी काढून पक्ष्याच्या पिसानं गाळ झटकते. पीस हे छापचित्रवाल्यांचं जुनंच हत्यार आहे, आम्लातल्या पत्र्यावरचे बुडबुडे त्यानंच हटवतात. ब्रशच्या केसांपेक्षा ते मऊ असतं आणि टोनरला ओरखडा येत नाही. भांडं प्लास्टिकचंच, आणि ते गार पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवलेलं. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, जवळ कुठेही ज्योत नाही. नखाला खाच स्पष्ट लागली की थांबते. डबीची जाडी सुमारे २ मिलिमीटर असते, त्यातून अगदी थोडाच भाग खाल्ला जायला हवा.

इथवरची माहिती कुठेही मिळेल. मला खरं लिहायचं आहे ते चित्राबद्दल.

द्रावण फक्त खाली खात नाही, बाजूलाही खातं. जेवढी खोली वाढते, तेवढं ते टोनरच्या कडेखालून आत शिरत जातं. त्यामुळे स्क्रीनवर काढलेली रेघ आणि धातूत उतरलेली रेघ सारखी कधीच नसते. अक्षरं वर ठेवून भोवतालचा भाग खाल्ला तर अक्षरं बारीक होतात. उलट अक्षरंच खाली कोरली तर ती जाड होतात आणि त्यांच्या आतल्या पोकळ्या बुजतात. चित्र आधी काढून मग ते कोरायचं ठरवणारे लोक इथेच हताश होतात. चित्र पहिल्या रेघेपासून या आडव्या भुकेचा हिशेब धरून काढावं लागतं. उठावाची रेघ मी अर्ध्या मिलिमीटरहून बारीक ठेवत नाही, दोन खोल रेघांमध्ये निदान १ मिलिमीटर सोडते.

देवनागरी अक्षरांत तर हा हिशेब आणखी रंगतो. उठावाच्या अक्षरांना शिरोरेषेचा मोठा आधार असतो. आख्खा शब्द एका पट्टीनं जोडलेला राहतो, टोनरचा तुकडा मोठा राहतो आणि द्रावणात सहज सुटत नाही. रोमन अक्षरं सुटी सुटी बेटं असतात, त्यातलं एखादं निसटतं. पण अनुस्वाराचा टिंब एकटाच पडतो, आणि तो पहिल्यांदा जातो. म्हणून उठावाच्या लिखाणात मी टिंब नेहमीच्या दीडपट काढते आणि शिरोरेषेला टेकवते. खोल लिखाणात उलट करते: टिंब लहान, आणि 'थ', 'भ', 'ध' यांच्या गाठी मोकळ्या, सैल. छापखान्यातले सुबक फाँट इथे उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांच्या जाड-बारीक वळणातली बारीक बाजू धातूत टिकत नाही. मी अक्षरं हातानंच काढते, बोरूऐवजी एकसारख्या जाडीच्या पेनानं. उंची निदान ४ मिलिमीटर. उभ्या माणसाच्या डोळ्यांपासून पेडल किती लांब असतं ते लक्षात घेतलं तर हेही कमीच आहे.

ज्या डबीवर माझं सर्वांत जास्त प्रेम आहे ती एका डिलेची, म्हणजे प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलची. आत पीटी२३९९ ही चिप, तीन नॉब, १२५-बी मापाची डबी. प्रतिध्वनी म्हणून पाण्यातली वर्तुळं काढायची हे ठरलेलं होतं. केंद्र फूटस्विचवर, कारण तिथेच पाय पडतो आणि तिथूनच आवाज परतू लागतो. वर्तुळं उठावाची ठेवली. केंद्राजवळचं वर्तुळ दीड मिलिमीटर जाड, पुढचं थोडं बारीक, असं करत करत सगळ्यात बाहेरची वर्तुळं मुद्दाम इतकी बारीक काढली की द्रावण त्यांना दोन्ही बाजूंनी खाईल. झालंही तसंच. मधली वर्तुळं ठसठशीत उभी राहिली, त्यापुढची कापऱ्या कडांची झाली, मग तुटक, आणि शेवटची वर्तुळं नुसती खडबडीत कणांची माळ होऊन नाहीशी झाली. विरत जाणारा प्रतिध्वनी असाच तर असतो. तो एकदम संपत नाही, आधी त्याच्या कडा झिजतात. हा परिणाम मी पेननं काढू शकले नसते. तो रेघेच्या जाडीतून आणि वेळेतून मिळाला.

फझसाठी भुंगा काढला होता, कारण त्या आवाजाची गुणगुण तशीच भरदार असते. भुंग्याचं अंग आणि पंखांच्या शिरा तेवढ्या उठावात ठेवल्या, पंखांच्या मधलं सगळं खोल. मोठा सपाट भाग खोल कोरला की तळ एकसारखा येत नाही, दाणेदार येतो, ओतीव धातूच्या मूळ दाण्यानुसार. काही जण तो टाळण्यासाठी धडपडतात. पंखांना तो दाणा फार शोभतो.

आणखी एक गोष्ट चित्र काढतानाच बघावी लागते: नॉब, नट आणि वॉशर कुठे येणार. नॉबखाली सुंदर डोळा काढला तर तो कुणालाच दिसणार नाही. मी आधी सगळ्या नटांची आणि नॉबची वर्तुळं खऱ्या मापानं काढते आणि चित्र त्यांच्या भोवती रचते. भुंग्याचे डोळे म्हणजे दोन नॉबच आहेत. प्रत्येक भोकाच्या केंद्रावर एक छोटा ठिपका खोल कोरायला ठेवते. द्रावण तिथे इवलासा खड्डा करतं आणि ड्रिलचं टोक त्यात नेमकं बसतं, सरकत नाही. म्हणूनच मी भोकं कोरल्यानंतर पाडते. आधी पाडली तर द्रावण भोकांच्या कडाही खातं. पॉटसाठी (नॉबखालचा फिरता भाग) ७ मिलिमीटर, जॅकसाठी (गिटारची तार खुपसायची जागा) साडेनऊ, फूटस्विचसाठी १२. पायऱ्यापायऱ्यांचं ड्रिल वापरलं तर भोक गोल येतं आणि कडेला कंगोरे कमी राहतात. ड्रिल करताना डबीच्या तोंडावर कागदी टेप असतेच.

रंग शेवटी. टोनर अॅसिटोननं काढायचा, डबी नीट धुऊन वाळवायची, काळा किंवा गडद रंग सगळीकडे मारायचा आणि पूर्ण वाळला की सपाट ठोकळ्यावर ६०० चा कागद गुंडाळून वरचा रंग घासून काढायचा. ठोकळा सपाटच हवा. बोटानं घासलं तर कागद खाचेत उतरतो आणि तिथला रंगही जातो. एकाच दिशेनं घासलं की वरच्या धातूवर रेशमी झाक येते. मग पारदर्शक लॅकरचे पातळ थर. रंगांबाबत मी कडक आहे, एका डबीवर एकच. कोरलेल्या कामात उजेड-सावली हाच मुख्य रंग असतो.

डबीच्या आत मात्र रंगाचा कणही जाऊ देत नाही. ही धातूची डबी सर्किटचं बाहेरच्या गोंगाटापासून रक्षण करते, आणि त्यासाठी ती ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या समाईक तारेला, जोडलेली हवी. साध्या उघड्या जॅकचं ग्राउंड त्याच्या नट-वॉशरमधून डबीला मिळतं. तिथे रंग किंवा लॅकर आला की जोड तुटतो आणि नुसती घरघर ऐकू येते. प्लास्टिकचे बंदिस्त जॅक असतील तर वेगळी तार काढून डबीला जोडावी लागते. मल्टिमीटरचं एक टोक जॅकच्या ग्राउंडवर, दुसरं झाकणावर, ही तपासणी मी पेडल बंद करण्याआधी नेहमी करते.

वापरलेलं मोरचुदाचं पाणी मोरीत ओतू नये. तांबं जलचरांना मारतं. मी त्यात अॅल्युमिनियमचे तुकडे टाकून ठेवते, निळेपणा पूर्ण जाईपर्यंत. तेव्हाही ते तापतं आणि हायड्रोजन सुटतो, म्हणून भांडं उघडं आणि मोकळ्या हवेत. तळाशी बसलेलं तांबं गाळून, वाळवून, घातक कचऱ्यात देते.

सध्या एका फेझरच्या, म्हणजे आवाज लाटांसारखा हलवणाऱ्या पेडलच्या चित्रावर अडकले आहे. एकमेकांवर किंचित कोन करून ठेवलेल्या समांतर रेघांची दोन जाळी काढली की त्यातून लाटा उमटतात, आणि फेझरचा आवाज मला नेमका तसा दिसतो. पण या लाटा उमटायला रेघा दाटीनं हव्यात आणि द्रावणाला त्या एकमेकींपासून दूर हव्यात. सध्या एकाच जाळ्याच्या रेघा कोरायच्या आणि दुसरं जाळं लॅकरवर रंगानं छापायचं असं ठरवून बघते आहे. रंगाची रेघ वर, धातूची खाली, म्हणजे बघणाऱ्यानं मान हलवली की लाटाही सरकायला हव्यात. जमलं तर डबीचे फोटो इथेच टाकेन.